ट्वाइन

दाराआड खिळ्याला निळ्या-केशरी तुकड्यांचा झुबका.
गवताचा गठ्ठा फोडायचा, सुरीने कचकन कापायची,
खिळ्यावर टाकायची. चाळीस वर्षं.
कंब्रियाच्या डोंगरात आयझॅक बर्केट काही फेकत नाही.

फाटकाची बिजागरी गेली : ट्वाइन.
कोटाची बटणं गेली : ट्वाइन, कमरेला दोन वेढे.
मेलेल्या कोकराचं कातडं
पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं चढवून
पोटाखाली गाठ मारायची,
मग मेंढी हुंगते, फसते, पाजते.
(फसत नाही, हिल्डा म्हणायची. समजून घेते.)

सुतळी हा अर्थ दुकानातला.
पिळणं, वेढणं, हा शाळेतला.
पण या खोऱ्यात ट्वाइन म्हणजे किरकिर.
"ट्वाइन करू नकोस," हिल्डा दटावायची
ओल्या मोज्यांतल्या लेकीला,
उकळत्या किटलीला, उत्तरेच्या वाऱ्याला.
रोगाच्या साली सगळा कळप जाळावा लागला,
आयझॅक तीन दिवस भिंतीशी बोलत बसला,
तेव्हा मात्र म्हणाली नाही.

मार्चमध्ये तिला पुरलं.
सीमेपलीकडून आलेली एफी मक्लर्ग
बशीभर केक ठेवून म्हणाली,
आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हाच शब्द,
अर्थ : ताटातूट.
"एकच शब्द बांधतो, आणि तोडतोही?"
"सुरी तुझ्याच खिशात असते ना?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतो आपण.
ही प्लास्टिकची.
हिल्डाचे बूट जाळताना नाड्यांच्या जागची ट्वाइन
आधी आक्रसली, मग थेंब झाली,
पीळबीळ काही उरला नाही.
काळा, वास मारणारा एक मणी.
तो त्याने का उचलला, विचारू नका.

मे महिन्यात पाकीट सापडलं, तिच्या अक्षरात : घेवडा.
झुबक्यातले तुकडे गाठून गाठून
त्याने भिंतीवर उभ्या दोऱ्या ताणल्या.
गाठी हिल्डाच्या हातच्या नव्हत्या, तरी टिकल्या.
जूनमध्ये शेंडे दोरीशी आले,
पण आपल्याच तंद्रीत हवेत चाचपत राहिले.
त्याने जाड बोटांनी एकेक शेंडा
दोरीभोवती वळवला, नीट, उजवीकडून.

सकाळी पाहतो तर सगळे सुटलेले,
आणि डावीकडून, आपल्या रीतीने, वीतभर वर.

दव पडलेलं. गुडघा दुखत होता.
दोरीवर वारा बारीक आवाज काढत होता.
आयझॅक काहीतरी पुटपुटला,
मग थांबला, आणि स्वतःलाच म्हणाला
तो शब्द, तिच्या सुरात.