फेडर

अंगद खिल्लारे पाच वर्षं लागोपाठ जिंकला
जालन्यात, नव्या मोंढ्याच्या मैदानावर,
आणि पाचही वर्षं मिक्सरवर बोटं मपली होती.
म्हणून लोक मलाच विचारतात.
चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या मांडवात,
परवा तर दाताच्या डॉक्टरनं, तोंडात आरसा घालून:
पोरगं खरंच तसं होतं,
का समोर कुणी नव्हतंच?

तोंडात आरसा असल्यावर काय बोलणार.

वासरांत लंगडी गाय शहाणी, म्हणतो सय्यद टेलर.
अंगदचं पितळी बटणांचं जाकीट त्यानंच शिवलं,
पैसे अजून यायचेत.
पण खोटं नाही त्याचं. तिसऱ्या वर्षी नावं किती? चार.
एक पोरगं शाळेतली कविता म्हणून गेलं, हात जोडून.
एकाला बीट सुरू झाल्याबरोबर उलटी आली.
तिसरी आलीच नाही, प्रणिता वाव्हळे,
नर्सिंगला नंबर लागला तिचा त्याच आठवड्यात,
जिच्या एकेका ओळीत दोन-दोन वळणं असायची
आणि दोन्हीकडं माणूस धडकायचा.
उरला अंगद.
ढाल त्याच्या हातात देताना पाहुण्यांनी
आधी घड्याळ बघितलं.

पण मी त्याला ऐकलंय, लोक नसताना.
रोलिंग मिलच्या पत्र्याला पाठ लावून
आतल्या ठोक्यावर शब्द बसवायचा.
लोखंड इतळतं साहेब, बाप मपला इतळत नाही.
एवढीच ओळ.
चाळीसदा. पन्नासदा.
जोवर ‘बाप’ बरोबर घणाखाली येत नाही तोवर.
तिथं कुठली वासरं?
ऐकायला कुत्रंही नव्हतं,
होतं ते उठून सावलीत गेलं.

आता वाजिदचं सांगतो. हे सय्यदला माहीत नाही.
दुसरं वर्ष. वाजिद बागवान, केळीच्या गाड्यावरचा,
अर्धं दखनी, अर्धं आपलं,
श्वास कुठं घेतो ते दिसू न देणारा.
पहिल्या कडव्यालाच मैदान उभं राहिलं
आणि स्टेजच्या बाजूनं मंडळाच्या गजूभाऊनं
हाताचा पंजा हळूच खाली दाबला,
लेकराला झोपवावं तसा.
शिवी नाही, धमकी नाही.
बिल अडकलं होतं मपलं त्यांच्याकडं, अठरा हजार.
मी फेडर बोटभर खाली ओढला.

बोटभर म्हणजे किती?
तेवढ्यात शेवटच्या रांगेतले लोक
खाली बसून शेंगा सोलायला लागतात.

त्या साली अंगद दोन गुणांनी जिंकला.
बिल दिवाळीनंतर निघालं, तेही सोळाच.

पाचव्या वर्षी वाजिदची फी अंगदनंच भरली.
नाव तीनदा पुकारलं. वाजिद आला नाही,
गाडा कधीच विकला होता त्यानं,
मिलमध्ये रात्रपाळीला होता.
मग अंगद उभा राहिला.
सोळातल्या बारा ओळी म्हणाला,
आणि बीट चालू असताना
माईक तोंडासमोर धरून
गप्प.
चार ओळी गप्प.

लोक म्हणाले, विसरला. कुणी शिट्टी मारली.
सवयीनं बोट फेडरवर गेलं मपलं,
रिकामा माईक उघडा ठेवत नसतात, घुमतो.
ओढला नाही.
स्पीकरमधून वारा आला, जनरेटर आला,
त्याचं नाक आलं, सर्दी होती त्याला,
आणि लांबून, एमआयडीसीच्या अंगानं,
दहाचा भोंगा,
पाळी आत गेल्याचा.

त्याला ते बोटभर ठाऊक होतं का?
विचारलं नाही मी. अजून नाही.
वायरी गुंडाळताना जवळ आला,
एक टोक उचलून दिलं,
म्हणाला, काका,
आज आवाज बराबर ठेवला तुमी.