खुबा

चार वर्षं डोरिंदा डाव्या कुशीवरच झोपली.
उजवी कूस म्हणजे, ती म्हणायची,
दगडावर टेकलेला दगड.

नोइयाच्या खाडीत आम्ही शेजारी शेजारी खुबे उकरतो,
ओहोटी देईल तेवढे तास,
आणि भरलेली बादली
उजव्या खुब्यावर टेकवून काठापर्यंत.
तिथेच दुखायचं तिला. आत नाही, बाहेरून,
हाडाचा गोळा हाताला लागतो ना, अगदी तिथे.
जिना चढताना. गाडीतून उतरताना.
एका पायावर उभं राहून मोजा घालताना.
मोजे मग अमारो घालायचा,
आणि ते तिला दुखण्याहून जास्त लागायचं.

इंजेक्शनं झाली तीन.
पहिलं नाताळपर्यंत टिकलं,
दुसरं पंधरा दिवस,
तिसरं दवाखान्याच्या पार्किंगपर्यंत.
व्यायामाचा रबरी पट्टा दाराला अजून बांधलेला आहे,
त्यावर ती फडकी वाळत घालते.

सांतियागोची डॉक्टर उशिया, तिच्या लेकीच्या वयाची,
म्हणाली, मोठं काही उघडायचं नाही. तीन भोकं.
सुजलेली पिशवी काढू,
ताठलेला पट्टा सैल करू,
हाडापासून सुटलेली शीर परत हाडाला टाचू.
आत अंधारात दिसतं कसं? डोरिंदाने विचारलं.
खारं पाणी भरतो.
तेव्हा कुठे ती हसली.
खाऱ्या पाण्यात कसं शोधायचं, ते मला विचार, पोरी.

नंतर पडद्यावर दाखवलं. मीही होते.
पांढरे तंतू पाण्यात हलत होते,
शेवाळ म्हणणार होते मी, पण शेवाळ इतकं पांढरं नसतं.
तिने लाल फुगीर पिशवीवर बोट ठेवलं: हा मेलेला.
टिचकी मारून न मिटणारा खुबा
आम्ही घरी नेत नाही.

सहा आठवडे कुबड्या. गुडघ्यांमध्ये उशी.
मोजे पुन्हा अमारोच,
आणि रोज तिचा आरडाओरडा, टाच उलटी आली म्हणून.
सगळं गेलं असं नाही. दमट दिवशी कुरकुरतं.
पण एका पहाटे जाग आली तर
ती उजव्या कुशीवर होती,
आणि कधी वळली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पाचव्या महिन्यात ती खाडीवर आली.
होडीच्या आडोशाला विजार खाली केली,
खिशातलं मापाचं लोखंड काढून
तिन्ही व्रणांवर धरलं, एकेक करून.
लहान आहेत, म्हणाली. मापात नाहीत.
परत टाका पाण्यात.

मग बादली उचलली तिने,
डाव्या खुब्यावर.
मी काही बोलले नाही.
भरती लागली होती.