पाठमोरा

चार हंगाम मी आर्लन क्विस्टकडे पाठ करून उभा होतो.
उभा कसला, ओणवा.
हा फुटबॉल पायांचा नाही, हातांचा;
लंबगोल चेंडू मी दोन पायांमधून मागे द्यायचा
आणि पुढचं सगळं त्याचं.

त्याचे हात आधी ओळखीचे झाले, चेहरा नंतर.
नॉर्थ डकोटातल्या नोव्हेंबरात
बोटांवर फुंकर मारून मग तो हात पुढे करायचा,
इतका सभ्य.
बाप काउंटीचा बर्फ उपसायचा ट्रक चालवायचा
पहाटे तीनपासून.
आमच्या घरी रस्ता आधी, आर्लन म्हणायचा, नाश्ता नंतर.

पहिल्या वर्षी तो तिसरा क्वार्टरबॅक,
म्हणजे स्टेपनीची स्टेपनी.
ऑक्टोबरात पहिल्याचा खांदा निखळला,
दुसऱ्याला गालगुंड झालं
(हसू नका, गालगुंडच)
आणि माझ्या मागून एक नवा आवाज आला:
निळा बारा, निळा बारा,
शेवटचा बारा जरा चिरका.
तो आवाज मला पाठ झाला
लहानपणी प्रार्थना होते तसा, अर्थाआधी.

त्याची एकही फेक मी पाहिलेली नाही.
चेंडू हातातून सुटला की माझ्या अंगावर
तीनशे पौंडांचं कुणीतरी कोसळलेलं असायचं.
गवतात तोंड, नाकात चुन्याची रेघ,
मी लोकांच्या आवाजावरून ओळखायचो.
हळहळ म्हणजे हुकला.
शांतता म्हणजे चेंडू अजून हवेत.
त्या शांततेत मी डोळे मिटून घ्यायचो.
मग कधी कधी, बँडचे ढोल.

दुसऱ्या वर्षी नऊ सामने जिंकलो.
न्हाव्याने त्याचे पैसे घेणं सोडलं.
मेन स्ट्रीटवरच्या हॉटेलात एका सँडविचला त्याचं नाव लागलं,
टर्की आणि बीट;
कुणी मागवत नसे, पण फळ्यावर होतं.
माझी आई फोनवर म्हणायची, टीव्हीवर तू दिसतच नाहीस.
आई, माणसांचा ढीग पडतो ना,
त्यात सगळ्यात खाली बघ.

तिसरं वर्ष. परगावचं मैदान. गारठलेली माती.
सत्तावन्न नंबरचा पोरगा माझ्या डाव्या खांद्याजवळून गेला.
गेला म्हणजे मी जाऊ दिला.
अर्धं पाऊल.
मागे आवाज झाला, गोणपाट फाटावं तसा.
तेव्हा पहिल्यांदा मी वळलो.

चौथ्या वर्षी तो परत आला
गुडघ्याला लोखंडी पट्ट्या, हातात कागदांची पाटी.
माझ्या मागे आता टेक्सासचा एक पोरगा,
हात कायम गरम, फुंकर वगैरे नाही.
आर्लन त्याला खुणा शिकवायचा, चुकला तर पुन्हा.
त्या अर्ध्या पावलाबद्दल मला कधी काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

शेवटचा सामना, आम्ही सहाने पुढे, चाळीस सेकंद बाकी.
कोचने त्याला आत धाडलं.
अशा वेळी काही फेकायचं नसतं:
चेंडू घ्यायचा, गुडघा टेकायचा,
घड्याळाला धावू द्यायचं.
मागून फुंकर ऐकू आली. दोनदा.
निळा बारा.
मी चेंडू दिला आणि सगळी शिकवण सोडून
मान वळवून पाहिलं.
तोच गुडघा. दुखरा.
हलकेच टेकला त्याने,
तळ्यावरचा नवा बर्फ वजन पेलेल का
हे बघावं तसा.
नोंदवहीत त्या खेळीपुढे लिहिलंय:
क्विस्ट, उणे एक यार्ड.

आता काउंटीचा ट्रक तो चालवतो.
पहाटे माझ्या दारापुढचा रस्ता
शेजाऱ्यांपेक्षा हातभर जास्तच साफ झालेला असतो.
मी पायात बूट सरकवून, कॉफीचा कप घेऊन
बाहेर येईपर्यंत
ट्रक कोपऱ्यावर पोचलेला असतो,
मागचे दोन लाल दिवे
आणि बर्फ ढकलल्याचा आवाज.