शहात्तर आटे

असल्फ्याच्या टेकडीखाली पहाटे पावणेचारला
बोऱ्हाडे रस्त्यातलं झाकण उचलतो,
लांब लोखंडी चावी आत सोडतो
आणि मोठ्याने आटे मोजतो: एक्केचाळीस, बेचाळीस...

वर आमच्या नळाला तेव्हा काहीच नसतं.
आधी नुसती हवा खोकते,
मग तांबूस थुंकी,
मग कळशीच्या बुडाला बोटभर आवाज.

मी उंबऱ्यात बसून सीएचे जुने पेपर सोडवते.
पाचवी खेप. मागच्या वेळी करांच्या पेपरात अडतीस.
आई आता विचारत नाही,
फक्त दिव्याखालची जागा सोडून झोपते.

एकदा खाली उतरून विचारलं,
वर पाणी पोचलं हे तुम्हाला कळतं कसं?
म्हणाला, कसं कळणार?
मी कधी वर आलोय?
माझे आटे शहात्तर.
मधेच थांबलं की चावी जड होते हाताला,
एवढंच ठाऊक.
आणि काडेपेटी आहे का, विचारलं.

आज त्रेपन्नपर्यंत ऐकू आलं,
पुढचं कुत्र्यांनी बुडवलं.
कळशी नळाखाली सरकवलीय.
हवा खोकतेय.
घसाऱ्याचं गणित
पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडते.