दोन गुण

प्रश्न दुसरा, ब. थोडक्यात उत्तर लिहा.
जलविभाजक म्हणजे काय?

'दोन नद्यांची खोरी वेगळी करणाऱ्या
उंचवट्यास जलविभाजक असे म्हणतात.'
'असे म्हणतात' राहिलं की आहेर बाई
अर्धा गुण कापायच्या.
माझं कधी राहिलं नाही.
आजही झोपेतून उठवून विचारा,
'असे म्हणतात'सकट सांगेन.

पेठ नाक्याजवळची नगरपालिकेची शाळा.
नदी दिसायची नाही, पण पूर कळायचा:
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
की शिपाईमामा अवेळी घंटा द्यायचे
आणि आम्ही घरी जायचं सोडून गंगेवर पळायचो.
तिथला भूगोल गढूळ, तपकिरी,
झाडं, म्हशी, कुणाची तरी चप्पल घेऊन धावणारा.
वहीत आल्यावर तो निळ्या पेन्सिलीचा व्हायचा.

माझ्या बाकावर देवकी भोये.
सावळघाटापलीकडची, वसतिगृहात राहायची.
केसांना मोहाच्या तेलाचा वास.
कर्कटकानं बाकाच्या मधोमध
मी एक रेघ ओढली होती, खोल,
शाईही भरली होती तिच्यात.
देवकीचं कोपर कधी अलीकडे आलं नाही.

सहामाहीचे पेपर वाटताना
बाईंनी तिचं उत्तर मोठ्यांदा वाचलं:
'आमच्या घराचं आढं.'
वर्ग हसला.
मी जरा जास्तच हसले,
मला दोनपैकी दोन होते ना.
दिवाळीनंतर ती आलीच नाही.
रेघ राहिली. पूर्ण बाक माझा झाला
तरी मी अर्ध्यावरच बसायचे,
का, ते माहीत नाही.

मग खूप काही झालं, ते इथं सांगत नाही.
नवरा गेल्यावर अनुकंपेवर एसटीत लागले,
नाशिक-पेठ, चोवीस वर्षं.
दारुड्याला आधी दादा म्हणायचं,
मागाहून आवाज चढवायचा;
वळणावर हात सोडून पैसे मोजायचे;
पोराचं वय आईला नाही, पोरालाच विचारायचं.
यातल्या एकालाही
कुणी काहीही असे म्हणत नाही.

परवाच्या भाद्रपदात गाडी बंद पडली,
सावळघाटाच्या ऐन माथ्यावर.
शेखचाचा गाडीखाली, उतारू रस्त्यावर.
करटुल्यांची पाटी उतरवून
एक बाई माझ्याकडे बघत राहिली.
म्हणाली, "तू रेघवाली ना?"

चाळीस वर्षं. नाव नाही, गाव नाही, रेघवाली.

मी बाटली पुढे केली.
ती पाणी प्यायली, चूळ भरली,
आणि डांबराच्या अलीकडे टाकली.
"ही तुमच्या गंगेला."
दुसरी पलीकडे टाकली.
"ही दमणकडं."
मग धुक्यात कुठं तरी हात केला.
"आमचं घर त्या सोंडेवर.
एका पाख्याच्या पागोळ्या हिकडं जातात,
दुसऱ्याच्या तिकडं.
बापानं दाखवलं होतं मला, पाचवीत असताना.
त्या बाईंना मी खरंच लिहिलं होतं."

रागावून नाही म्हणाली.
करटुली किती रुपयांना पाव किलो,
अशा आवाजात म्हणाली.

मला काही सुचेना.
खांद्याला पिशवी, तिच्यात चिल्लर,
आणि चिल्लर कधीच पुरत नाही,
बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर बोंबच.
मी तिचं तिकीट मागून घेतलं,
पालथं केलं,
उरलेले सुट्टे लिहून देतो तसं
पाठीवर लिहिलं: दोन देणे.

तिनं ते लांब धरून वाचलं.
"माझे सुट्टे तर दिलेस की मघाशी."
"हे आधीचे," मी म्हटलं.

तिनं तिकीट चोळीत खोचलं.
समजलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना.
पाटीतली दोन मुठी करटुली
माझ्या पिशवीत ओतली, चिल्लरीवरच,
आणि पट्टा बसवून वर आलेल्या शेखचाचांना
ओरडून म्हणाली,
"आता तरी पोचवशील का रं बाबा?"

मी डबल बेल दिली.