बुकोमची मूठ

ओडार्टेचं मधलं बोट
मिटलं की उघडत नाही.
रिंगणात गुद्दा चुकला, समोरच्याचं कपाळ लागलं.

डॉक्टर कोरकोई त्याची मूठ टेबलावर ठेवते,
टेंगूळ अंगठ्यानं चाचपते.

हे काही वेगळं हाड नाही, बाबा.
तळहाताच्याच हाडाचं हे टोक,
बोट वाकलं की तेवढं वर येतं.
त्याच्या माथ्यावरून जाते बोट उचलणारी दोरी,
तिला दोन्हीकडून धरून असतात
कांद्याच्या पापुद्र्याएवढे दोन पट्टे.
तुझा अंगठ्याकडचा फाटलाय.
दोरी घसरली, करंगळीकडच्या घळीत.

भिंतीपलीकडे समुद्र, होड्या ओढणाऱ्यांची हाळी.
चौकातल्या पोस्टरवर
याच झाकल्या मुठीचे सव्वा लाख.

तो जोर लावतो. मानेच्या शिरा तटतटतात.
बोट तसंच.

मग ती चिमटीत धरून ते अलगद उचलते
आणि सोडून देते.

उभंच राहतं.

स्वतःहून उठत नाही, ती म्हणते,
कुणी उठवलं तर राहतं.

दाराशी त्याची आई,
नखांत केंकीचं आंबलेलं पीठ,
तिचीही पेरं सुजलेली.
हात पदराला पुसत नाही, तशीच पुढे येते:
मीट पुन्हा.
आता मी.