काजळी

हिंगोली कॅम्पच्या शस्त्रागारात दुपार
रॉकेलच्या वासाची.
लतीफ जमादार सायलेन्सर उकलतो,
आतल्या वाट्या एकेक
जर्मनच्या पोचट थाळीत बुडवतो.

"तव्यावानी घासायचं न्हाई, लेका.
भिजू दे. रातभर."
मी घाईत होतो, पितळी ब्रश मारला.
कडेवर ओरखडा उठला.
तो काही बोलला नाही.

सकाळी थाळीचा तळ काळा,
खपल्या सुटलेल्या. चिंधी फिरवली.
बोटांच्या रेषांत बसलं ते
चार साबणांनी निघेना.

मग एक वाटी नखाने टिचकवून
त्याने उजव्या कानाशी धरली.
डावा रेंजवरच गेला, एकोणनव्वदला.
तेव्हा हे नळकांडं नव्हतं,
कापसाचा बोळा असायचा, तोही कधीमधी.

"वाजली का?"
त्याने मलाच विचारलं.